वर्गाबाहेर

"बाई, गॅस सुटला का?" चौथ्या सकाळीही डॉक्टर पडवळांनी तेच विचारलं. देवस्थळीबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. लहान आतडं अडवून बसलेली दुर्मिळ गाठ पडवळांनीच काढली होती, पण जोडलेलं आतडं चालू झाल्याशिवाय पाण्याचा घोटही मिळणार नव्हता.

तरी निवृत्त मुख्याध्यापिकेला असलं कुणी विचारतं का? त्यातून याच पडवळला पाचवीत, भर तासाला तसला आवाज काढला म्हणून, बाईंनी दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं होतं.

पाचव्या दिवशी पडवळ दारात आले आणि बाईंच्या खाटेवरून लांबलचक आवाज झाला. सून गडबडीने खिडकीबाहेर बघू लागली. पडवळांचा चेहरा उजळला.

बाईंनी हळूच पाय खाली सोडले. "नियम सगळ्यांना सारखा," त्या म्हणाल्या. "चल पडवळ, मला बाहेर नेऊन उभी कर."