कुत्रा राहू दे

सरकारी समिती डांगुओलेच्या चित्रासमोर येऊन थांबली, तेव्हा ती मनात एकच धावा करत होती, आधी कुत्र्याकडे बघा.

चित्रात विल्नियस शहर होतं. चर्चचे घुमट दोरीला बांधून हवेत सोडलेले, नदी जिना चढून वर निघालेली. आणि किल्ल्याच्या टेकडीवरून शहराची ओळख असलेला गेडिमिनासचा मनोरा उतरत होता, अनवाणी, हातात सुतळीने बांधलेली सूटकेस. खाली कोपऱ्यात एक पांढरा कुत्रा मान वर करून बसला होता. त्याचं तिथे काही काम नव्हतं.

काम समितीसाठी होतं. प्रदर्शनाआधी प्रत्येक चित्रात एक तरी खोट काढायचीच, नाहीतर समितीने पगार कशाचा घ्यायचा? म्हणून शहरातले चित्रकार एक उगाचची गोष्ट रंगवून ठेवत. समिती ती काढायला सांगे, चित्रकार तोंड पाडून काढे, बाकीचं चित्र सुटे. ही युक्ती डांगुओलेला येरोनिमास सरांनी शिकवली होती. सर आज समितीतच होते.

"मला हा कुत्रा खटकतोय," सर लगेच म्हणाले.

अध्यक्ष व्हेन्स्कुस वाकून बघत होते. "कुत्रा छान आहे, राहू दे. लिहून घ्या. मनोरा कुठे निघालाय, बाई?"

"फिरायला."

"सूटकेस घेऊन?"

त्या दालनातल्या प्रत्येकाच्या घरून कोणी ना कोणी तशीच सूटकेस घेऊन, हद्दपार होऊन सायबेरियाला गेलं होतं. डांगुओलेचे वडील गेले होते. व्हेन्स्कुसांचंही कोणी गेलं असेल, पण ते विचारायची सोय नव्हती.

तीन वाजता दारं उघडणार होती. अध्यक्षांचा हुकूम झाला, तोवर मनोरा पुसायचा, नाहीतर चित्र उतरणार आणि कलाकार संघातलं तिचं नावही. संघाबाहेरच्या माणसाला शहरात रंगाची एक ट्यूब मिळत नसे. तिने सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे बघत होते.

तिने पुसला. अनवाणी पाय, सूटकेस, सगळ्यावर टेकडीचा हिरवा आणि आभाळाचा करडा रंग चढवला. वडिलांना आपणच पुन्हा गाडीत बसवून दिलं असं वाटून तिला स्वतःची किळस आली.

तीन वाजले. लोक आले आणि बाकीची चित्रं सोडून तिच्याच चित्रापुढे साचू लागले. रंग अजून ओला होता. कुत्रा मान वर करून रिकाम्या टेकडीकडे बघत होता, आणि त्याच्यामागून सगळे तिकडेच बघत होते.

पिशवीत कांद्याची पात घेतलेल्या एका म्हातारीने शेजारच्याला हळूच विचारलं, "आपला मनोरा कुठे गेला रे?"

"त्या कुत्र्याला विचार, आजी. त्याने जाताना पाहिलाय."

कोणी हसलं नाही. एकाने टोपी काढली, मग दुसऱ्याने.

मागे व्हेन्स्कुस येरोनिमास सरांच्या कानाशी लागले. "तो कुत्रा आत्ताच्या आत्ता..."

"राहू दे म्हणालात ना, कॉम्रेड," सर म्हणाले. "इतिवृत्तात तसंच लिहिलंय. खाली तुमची सही आहे." आणि त्यांनीही टोपी काढली.