शंकेचा पट्टा

ही २०६१ सालची गोष्ट. तेव्हा प्रकल्पप्रमुखाच्या मनगटावर शंका मोजणारा पट्टा असे. आकडा साठावर गेला की सूत्रं यंत्राकडे जात. देवगडच्या समुद्रदरवाजांवर नलिनी करंगुटकर पहिल्यांदाच प्रमुख होती. उधाणाला तास उरला होता आणि आकडा अठ्ठावन्न.

"तिसऱ्या दरवाजाचा आवाज वेगळा येतोय," ती पुटपुटली. "पण यंत्र म्हणतं, ठीक आहे."

"मॅडम, मी चाळीस वर्षं घाबरतच बुडी मारतोय," म्हातारा पाणबुड्या जयवंत तांडेल म्हणाला. "तुम्ही फक्त हुकूम द्या."

नलिनीनं पट्टा काढून ठेवला. "उतरा, काका."

बिजागरीत जाळं अडकलं होतं. ते निघालं, दरवाजा मिटला, गाव कोरडं राहिलं.

जयवंत पुढे नातींना पोहायला शिकवत राहिला. पट्टे बंद झाले. नलिनीनं आणखी नऊ दरवाजे उभारले, दरवेळी शंका सोबत घेऊनच.