चिकटवलेला कान

तिने चेनसॉ मेकॅनिकच्या काउंटरवर ठेवली.

"इंजिनच्या कव्हरचा हा कान तुटलाय. हँडल यावरच बसतं ना? झाड कापताना हँडल निखळून हातात आलं आणि करवत आमच्या ह्यांच्यावरच उलटली. तिथल्या तिथे गेले ते."

मेकॅनिकने तुटलेला कान हातात घेऊन उलटून पाहिला.

"चालू नाही झाली तरी चालेल. तुकड्यांत बघवत नाही, म्हणून आणली."

"इपॉक्सी गोंदाने चिकटवतो. पण आधी हा जुना थर खरवडावा लागेल."

"तो नका खरवडू." तिने दगडासारख्या झालेल्या थरावर बोट ठेवलं. "मागे कधीतरी तुटला असेल, तेव्हा ह्यांनीच चिकटवलेला दिसतोय. कशातही स्वतःच हात घालायची खोड. सुकला का बघायला अंगठा दाबलाय बघा. मी रोज त्या ठशावर माझा अंगठा ठेवते. दुसरं काय राहिलंय त्यांचं."

मेकॅनिकने तो भाग खिडकीच्या उजेडात धरला. ठसा लख्ख उमटला होता, मधोमध जुन्या जखमेची आडवी रेघ होती.

"राहील ना तेवढा?"

"राहील."

"कधी येऊ न्यायला?"

"उद्या या, वहिनी. या वेळी पूर्ण चोवीस तास वाळू देतो," तो म्हणाला, आणि काउंटरवरचा उजवा हात खाली घेऊन त्याने अंगठ्यावरचा आडवा व्रण मुठीत मिटून घेतला.