विचारपूस

जर्मनीतल्या इंगोलश्टाटमधलं इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट टाकून आमची ऊर्जा अ‍ॅमस्टरडॅमला गेली. तिथे कालव्यातल्या एका जुन्या बोटीवर पाचसहा मित्रमैत्रिणींसोबत राहते, अनवाणी हिंडते, केसांच्या चक्क जटा केल्यात. फोटो बघून हे म्हणाले, "लहानपणी गोव्याला गेलो की बाबा आम्हाला लांबूनच हिप्पी दाखवायचे. आता एवढ्या लांब जायला नको, घरचीच झाली!" म्हणाले हसत, पण चहा तसाच निवत ठेवला.

एरवी ती आमच्याशी जर्मनमधूनच बोलते, तेही 'या' आणि 'नाइन', म्हणजे हो-नाहीपुरतं. काल मात्र आपणहून फोन केला, आणि बोलली ती मराठीत.

"आई, इथे मला कोणी काही विचारत नाही."

एवढंच. हे वाक्य आनंदाचं होतं की तक्रारीचं, मला कळेना. जर्मनीत वाढलेल्या पोरीच्या मराठीवरून तर मुळीच कळेना. सुखात आहेस की एकटी पडलीस, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

 

आमच्या सततच्या विचारण्याला कंटाळूनच तर ती घर सोडून गेली होती.