पोक

प्रदर्शनाची गाडी पवनारात शिरल्याचा फोन आला, तशी नंदिनीनं घाईघाईत मागाच्या खोलीचं दार उघडलं. तिचं शिल्प जागेवर नव्हतं. सतरंज्या विणणं सोडल्यावरचं तिचं हे पहिलंच शिल्प. मागावरच्या जाड सुती कापडाला खळ लावून तिनं घडवलेली, विणायला वाकलेल्या बाईची नुसती पाठ.

"आई, इथलं थे कुठं गेलं?"

अन्नपूर्णाबाईंनी खाटेवरची गादी उचलून दाखवली. पाणी मारून, चापूनचोपून सपाट केलेली चौकोनी घडी तिथे दबून पडली होती.

नंदिनी घडीपाशी धावली. "हे काय केलं तू! कापड नाई होतं थे!"

"पोक आलतं त्याले."

"आई, थे पोकच तं..." दारात गाडीचा हॉर्न वाजला.

अन्नपूर्णाबाई वाकूनच उठल्या. घडीवरून त्यांनी एकदा हात फिरवला.

"मालूम हाय मले. माहीच पाठ हाय नं थे? एक डाव तरी सरळ होऊ दे तिले."