पोच

"तू पाठवलं होतंस ना?" ताईनं दारातूनच विचारलं.

धाकट्या भावानं खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली. ताईच्या रक्त-लघवी तपासणीच्या लॅबचे सगळे ईमेल त्याच्या या मागच्या खोलीतल्या सर्व्हरवरून जात. त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवला.

"हे बघ. गेलंय. बाईंचा ईमेल ज्या कंपनीकडे आहे, तिनं घेतलंय. पोचसुद्धा आहे."

"त्यांनी घेतलं. त्या पेशंट बाईंना कुठे दिलं?"

बाईंचा नवरा सकाळी लॅबमध्ये येऊन गेला होता. आरडाओरडा नाही, काही नाही. त्यानं नुसता मोबाइल पुढे केला. रिपोर्ट नकोशा ईमेलच्या ढिगात पडला होता, लॉटरी आणि वजन घटवायच्या जाहिरातींच्या मधोमध. रिपोर्ट नाही म्हणजे घाबरण्यासारखं काही नसेल, अशा समजुतीत बाई महिनाभर घरात वावरत राहिल्या. आता डॉक्टर म्हणत होते, उशीर झाला.

"मीच फोन करायला हवा होता," ताई म्हणाली. "पण तू म्हणालास, पोचलं."

तो स्क्रीनकडेच बघत म्हणाला, "आपल्या सर्व्हरच्या शेजारच्या इंटरनेट पत्त्यावरून कुणीतरी भामटेगिरी केली. कंपनीनं अख्खी आळीच बदनाम ठरवली, आपल्यासकट."

"मग सांग ना त्यांना, आम्ही त्यातले नाही म्हणून."

"सांगून दमलो. दर वेळी तेच उत्तर येतं, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. तिथं माणूसच नाही गं. हात जोडायचे कुणापुढे?"

ताई खुर्चीत बसली. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "लॅबचं खातं त्यांच्याकडेच हलव."

आपली पत्रं आपल्या घरात असावीत, हे तो वर्षानुवर्षं ज्याला त्याला पटवत आला होता. त्याचा सर्व्हर सोडून छापखानेवाला गेला, गाण्याच्या बाई गेल्या, तेव्हा तो तावातावानं भांडला होता. आज त्यानं निमूटपणे कीबोर्ड पुढे ओढला. एकही जुना ईमेल मागे राहू नये म्हणून दोनदोनदा तपासत त्यानं सगळं हलवलं. सर्व्हरवर आता त्याचं एकट्याचं खातं उरलं.

"थांब, एक पाठवून बघतो," तो म्हणाला. त्यानं स्वतःच्या खात्यावरून तिच्या नव्या पत्त्यावर एकच शब्द लिहिला, 'ताई'. बटण दाबलं. क्षणात स्क्रीनवर पोच उमटली.

"आलं का गं?"

"आलं रे, आलं," ताई म्हणाली.

तिचा फोन पर्समध्ये होता. पर्सची चेन लावलेलीच होती.