भरलेली बॅग

गेल्या खेपेला परदेशात इंग्रजी शिकवायला आले, तेव्हा दोन वर्षं बॅग पलंगाखाली भरलेलीच ठेवली होती. लेकाने बोलावल्यावर निमूट परतले आणि चार वर्षं त्याच्या घराची राखण करत बसले. यंदा त्याला न जुमानता पुन्हा आले. निघताना त्याने बजावलंच, “आई, बॅग उपसू नकोस. महिन्याभरात कंटाळशील.” आज ती बॅग फरफटत वर्गात नेली. विद्यार्थी सगळे पोक्त: ड्रायव्हर, न्हावी, नर्स. प्रत्येकाने एकेक वस्तू काढायची आणि तिच्यावर इंग्रजीत वाक्य बोलायचं. माझा परकर उचलून न्हाव्याने ‘कर्टन’ म्हटलं आणि वर्गाची हसून हसून पुरेवाट झाली. रिकामी बॅग ड्रायव्हरला देऊन टाकली. संध्याकाळी लेकाचा फोन आला. “बॅग भरलेली आहे ना?” “बॅगच नाही.” “मग परत कशी येशील?” “येईन की चार दिवस, पाहुणी म्हणून. पिशवी पुरेल.”